शेजारच्या सीटचं वजन

रग्बी, नॉर्थ डकोटा
११ फेब्रुवारी २०१८

ऑर्लिन,

गेल्या रविवारी तुला फोन केला होता. तू "कोण? कोण?" असं चारदा ओरडलास आणि "आम्हाला विमा नको" म्हणून ठेवून दिलास. तो विमेवाला नव्हता, तुझा सख्खा धाकटा भाऊ होता. चाळीस वर्षं ट्रकच्या इंजिनांना कान लावून बसलास, त्या कानांचं आता असं झालंय. म्हणून हे पत्र.

बातमी अशी की आम्ही एक ट्रेलर घेतलाय. आमच्या पाद्रीबुवांच्या मागे त्यांच्या बायकोला तो नकोसा झाला होता. सव्वीस फूट लांब, आत पलंग, शेगडी, छोटं न्हाणीघर. सध्या अंगणात बर्फाखाली झोपलाय. आता तो ओढायला पिकअप हवी. माझ्या जुन्या गाडीला कचऱ्याचा डबासुद्धा जड होतो.

मायनॉटच्या विक्रेत्याने तीन गाड्या दाखवल्या. पहिली अर्धाटनी, म्हणजे हलक्या वर्गातली, छोट्या डिझेल इंजिनाची. दुसरी अर्धाटनीच, पण सहा सिलिंडरचं टर्बो पेट्रोल. तिसरी पाऊणटनी, त्याहून भारी वर्गातली, तिच्यात आठ सिलिंडरचं मोठं पेट्रोल इंजिन. तो म्हणतो, तिन्ही गाड्या हा ट्रेलर हसत हसत ओढतील. ट्रेलरच्या माहितीपत्रकात वजन ५,६०० पौंड आहे.

मार्लिस म्हणते, "ऑर्लिनना कशाला विचारता? ते डिझेलच म्हणणार." तिचंही खरं आहे. आईच्या अंत्यविधीला शववाहिनी पेट्रोलवर का, म्हणून त्या ड्रायव्हरशी हुज्जत घालणारा माणूस तू. तरी विचारतोय.

जूनमध्ये तुझ्याकडे यायचंय. तू डोंगरापलीकडे जाऊन एकतीस वर्षं झाली आणि मी दर नाताळला "पुढच्या वर्षी नक्की" लिहितो. या खेपेस ते लिहायचं नाही असं ठरवलंय.

तुझा
ड्वेन


सॅमन, आयडाहो
२० फेब्रुवारी २०१८

ड्वेन,

विमेवाला तुझ्यापेक्षा गोड बोलतो, म्हणून वाटलंच होतं की हा तो नसावा.

जन्मभर पोरांना गणित शिकवलंस आणि छापील कागदावर विश्वास ठेवतोस? ते ५,६०० पौंड म्हणजे ट्रेलर कारखान्यातून निघाला तेव्हाचं वजन. त्यात पाण्याचा थेंब नाही, गॅसच्या टाक्या नाहीत, मार्लिसची बिडाची कढई नाही. नवरी मांडवात उभी असताना जेवढी दिसते तेवढीच ती नेहमी दिसेल असं धरून चालणाऱ्यातला तू.

विक्रेता तुला गाडी किती ओढेल ते सांगतो. ओढायला काय, बैलसुद्धा ओढेल. खरा प्रश्न गाडीच्या पाठीवर किती बसतं हा आहे. ट्रेलरचं नाक हुकावर टेकतं, तो भार गाडीच्या पाठीवर. तुम्ही आत बसता, तो भारही पाठीवर. कुत्री, हत्यारं, खुर्च्या, सगळं तिथेच. ड्रायव्हरचं दार उघड, चौकटीवर पिवळा स्टिकर असतो, त्यावर तो आकडा लिहिलेला असतो. तिन्ही गाड्यांचे आकडे मला कळव.

मग ट्रेलर भरून धान्याच्या कोठारावर ने. गेलन अजून तिथे वजनकाट्यावर बसतो ना? त्याच्याकडून वजन करून घे. तुम्हा दोघांचंही. आणि खोटं बोलू नकोस. आपल्या ब्रेके घराण्यातल्या पुरुषांनी वजन सांगितलं की त्यात पंधरा पौंड मिळवायचे, हा आपल्या आजीचा नियम आहे.

तुमच्याकडे उतार म्हणजे चर्चच्या पायऱ्या. इथे माझ्या दारात यायचं तर लॉस्ट ट्रेल खिंड उतरावी लागते. मागून सव्वीस फुटी घर ढकलत असताना. तेव्हा इंजिन निवडताना विनोद नको.

आणि हो, डिझेलच घे.

ऑर्लिन


रग्बी
९ मार्च २०१८

ऑर्लिन,

बर्फ उकरून ट्रेलर बाहेर काढला. गेलनने आपल्या ट्रॅक्टरने कोठारापर्यंत नेला आणि वर मलाच विचारतो, "काय मास्तर, गहू कुठाय?" मार्लिसने जूनमध्ये लागेल ते सगळं आत भरलं होतं. कढईसकट. तू जिंकलास. भरलेला ट्रेलर ७,१८० पौंड.

बाकीची यादी अशी:

हुकावर येणारा भार: ९४०
हुक आणि त्याचे दांडे: ९५
हत्यारं, जॅक, लाकडी ठोकळे: ११०
खुर्च्या, बर्फपेटी, बॅगा: १४०
टिल्डा (कुत्री): ५८
ड्रायव्हरच्या सीटवर: १३८
शेजारच्या सीटवर: १६२

एकूण १,६४३.

आम्ही सगळे गेलनच्या बियाण्याच्या काट्यावर एकेक करून उभे राहिलो. टिल्डा दोनदा उतरून पळाली. त्यामुळे आजीचा नियम या खेपेस लागू नाही.

स्टिकरचे आकडे: छोटं डिझेल १,४८५. टर्बो पेट्रोल १,७२०. पाऊणटनी पेट्रोल २,९१०.

डिझेलला आकडा कमी कसा, हे मला कळेना. विक्रेत्यालाही कळेना.

ड्वेन


सॅमन
१६ मार्च २०१८

ड्वेन,

विक्रेत्याला कळलं असतं तर तो विक्रेता कशाला झाला असता? डिझेल इंजिन स्वतःच जड असतं. गाडीच्या पाठीवरची थोडी जागा ते स्वतःच खातं. घरात मोठ्या खुराकाचा पाहुणा ठेवला की बाकीच्यांच्या ताटात कमी पडतं, तसं.

आता तुझी यादी. घाईत तू दोन ओळी उलटसुलट केल्यास. ड्रायव्हर १३८? तुझा एक पायसुद्धा तेवढा भरेल. म्हणजे १३८ मार्लिस आणि १६२ तू. हे पत्र तिला दाखव, खूश होईल. पण तू १६२? आईच्या अंत्यविधीला तुझ्या कोटाचं बटण तुटून माझ्या कॉफीत पडलं होतं. दोनशे पंचवीसच्या खाली नव्हतास. आजीचे पंधरा मिळवले तरी १७७. हा कसला

१७ मार्च

वरचं काल लिहिलं. फाडणार होतो. फाडत नाही, तुला कळू दे मी किती गाढव आहे ते.

पत्र अर्धवट टाकून चूल पेटवायला उठलो आणि तिथेच उभा राहिलो. तू तीस वर्षं पोरांच्या ओळी उलटसुलट झाल्या म्हणून मार्क कापलेस. तू ओळी चुकवत नाहीस. आणि बियाण्याचा काटा खोटं बोलत नाही.

मार्लिस चालवणार आहे. तू शेजारी बसणार आहेस. आणि तू १६२ पौंड आहेस.

ड्वेन, काय झालंय? मला फोन करू नकोस, मला ऐकू येणार नाही आणि मी "काय? काय?" करत बसेन. लिही. सगळं लिही.

ऑर्लिन


रग्बी
२४ मार्च २०१८

ऑर्लिन,

तू ओळखशील असं मला वाटलं होतं. खरं सांगायचं तर म्हणूनच ते आकडे लिहिले. शब्दात लिहायला बसलो की कागद पुढे सरकत नव्हता.

स्वादुपिंड. जानेवारीत कळलं. मायनॉटच्या डॉक्टरीणबाईंना मीच सातवीत अपूर्णांक शिकवले होते. त्यांनी मला टक्केवारी सांगितली. मी घरी येऊन तपासली, बरोबर होती. मी गव्हाची कापणी बघेन म्हणाल्या. बर्फाचं त्यांनी काही सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

मरायची भीती वाटते का, असं तू विचारशील. वाटते, रात्री थोडी. पण त्याहून जास्त भीती दुसरीच आहे. मार्लिसची बहीण बेव्हर्ली आठवते? नवरा गेला आणि ती घरात बसली ती बसलीच. बारा वर्षं झाली, रविवारी चर्च आणि बुधवारी केस धुवायला, बस. मार्लिस पंचेचाळीस वर्षं माझ्या शेजारी नकाशा मांडीवर घेऊन बसली. रस्ते सगळे तिला पाठ, पण स्टिअरिंग नेहमी माझ्या हातात. ही माझी चूक आहे आणि ती दुरुस्त करायला माझ्याकडे एक उन्हाळा आहे.

तर मला माझ्यासाठी इंजिन नकोय. तिच्यासाठी हवंय. तिच्या बोटांना संधिवात आहे. तिला उतारावर भीती वाटेल. मी शेजारी असेन तोवर ठीक आहे. नंतरही तिने किल्ली घेऊन निघालं पाहिजे. असं इंजिन सांग.

हिशेब मीही केलाय. डिझेलच्या आकड्यापेक्षा आम्ही १५८ पौंड जास्त होतो. माझे १६२ वजा केले की बरोबर बसतं. पुढचा विचार करता डिझेलच घ्यावं का?

ड्वेन


सॅमन
३१ मार्च २०१८

ड्वेन, मार्लिस,

हे दोघांनी मिळून वाचा.

पाच दिवस लिहू शकलो नाही. पहिल्या दिवशी गॅरेजमध्ये जाऊन रडलो. मोठ्याने रडलो असणार, शेजारचा डोकावून गेला.

आता कामाचं. तुला वगळल्यावर जिच्यात सगळं बसतं ती गाडी मला नको. तो कागद फाडून टाक आणि पुन्हा असला हिशेब करू नकोस, नाहीतर रग्बीला येऊन कान उपटेन.

पाऊणटनी घ्या. मोठं पेट्रोल इंजिन.

हो, मीच लिहितोय हे. जन्मभर डिझेलची आरती केली. अजूनही ओढायला त्याच्यासारखं दुसरं नाही आणि उतारावरही ते छान धरतं. पण नव्या डिझेलचे लाड फार. थंडीत त्याचं तेल घट्ट होतं. धूर स्वच्छ करणारी त्याची यंत्रणा तुंबली की गाडी रांगायला लागते, आणि मग खास मिस्त्री लागतो. रग्बीपासून माझ्या दारापर्यंत आठशेच्या वर मैल आहेत. वाटेत जी गावं लागतात तिथे एक पेट्रोल पंप, एक चर्च आणि एक मिस्त्री. तो मिस्त्री हे जुन्या वळणाचं पेट्रोल इंजिन डोळे मिटून उघडेल. पेट्रोल जास्त पिईल, पिऊ दे. मार्लिस रस्त्यात एकटी असेल तेव्हा तिला जो कोणी पहिला भेटेल त्याला ही गाडी दुरुस्त करता आली पाहिजे. मला एवढंच कळतं.

शिवाय टर्बोवालीत सगळं जेमतेम बसतं. पाऊणटनी गाडी स्वतः वजनदार असते, मागचा ट्रेलर तिला हलवू शकत नाही.

मार्लिस, हे तुझ्यासाठी. खिंडीच्या माथ्यावर, उतार सुरू व्हायच्या आधीच, खालचा गिअर टाक. उतारात गेल्यावर नाही. ब्रेकवर पाय ठेवून बसू नकोस, ते तापतात आणि मग ऐन वेळी दगा देतात. लागला तर एकदा जोरात दाबायचा आणि सोडायचा. इंजिन ओरडायला लागेल. तुला वाटेल फुटतंय. फुटत नाही. ते ओरडतंय म्हणजे तुला धरून ठेवतंय. ओरडू दे त्याला.

एप्रिल-मे सराव करा. कोठाराच्या मागच्या मैदानात ट्रेलर उलटा घेऊन बघ. गेलनचं काही पडलं तर पडू दे.

खिंडीच्या माथ्यावर मी उभा असेन. तिथून खाली मी चालवीन.

ऑर्लिन


रग्बी
८ जुलै २०१८

ऑर्लिन,

आम्ही सुखरूप घरी पोचलो. ड्वेन झोपलेत, म्हणून यावेळी मी लिहितेय. तुमच्या अंगणात तीन आठवडे ट्रेलर उभा केला, नदीचा आवाज ऐकत झोपलो, आणि तुमच्या हातचे करपलेले पॅनकेक खाल्ले. तुम्ही दोघं दिवसभर त्या दोन खुर्च्यांवर बसून काय बोलत होता कोण जाणे. एक ओरडतोय, दुसऱ्याला ऐकू येत नाहीये. तरी संपत नव्हतं.

माथ्यावर तुम्ही घडीची खुर्ची आणि थर्मास घेऊन बसलेले दिसलात तेव्हा मला हसू आणि रडू एकदमच आलं. तुम्ही हात पुढे केलात, "चल, सरक." मी सरकले नाही म्हणून राग तर नाही ना आला? तुमचं तोंड एवढंसं झालं होतं. पण माथ्यापर्यंत आणली होती मी, मग खालीही मीच नेणार होते. तुम्ही टिल्डाजवळ मागे बसलात, ड्वेन शेजारी नकाशा घेऊन. त्या रस्त्याला एकही फाटा नाही, तरी नकाशा.

मग इंजिन ओरडायला लागलं. माझी बोटं स्टिअरिंगवर आखडली होती. आणि मागून तुमचा आवाज आला, "वा! हे मलासुद्धा ऐकू येतंय!" ड्वेन इतके हसले की त्यांना धाप लागली. तो आवाज ते रोज काढून दाखवतात. परवा मायनॉटला तपासणीनंतर भूल उतरताना नर्सलाही काढून दाखवला.

येताना सगळा रस्ता गाडी मीच चालवली. माइल्स सिटीपाशी वारा फार होता. ड्वेन म्हणाले, "तू चालवतेस तेव्हा मला पहिल्यांदाच बाहेर बघायला मिळतंय. एवढी हरणं असतात का इथे?" पंचेचाळीस वर्षं मी त्यांना हरणं दाखवत होते.

तुमची
मार्लिस


रग्बी
२१ ऑक्टोबर २०१८

ऑर्लिन,

अंत्यविधीनंतर तुम्ही गेलात त्याला महिना झाला. बायकांनी आणून दिलेलं जेवण आता फ्रीजमधून संपलं आणि घर खरोखर रिकामं झालं. ड्वेननी कापणी पाहिली. शेवटच्या दिवशी गेलनने कोठारातून मूठभर गहू आणून त्यांच्या हातात दिला होता, तो अजून माझ्या कोटाच्या खिशात आहे.

एक सांगायचंय, आणि तुम्ही रागावणार. गाडी आणि ट्रेलर विकायचं म्हणतेय. गेलनच्या जावयाला हवंय.

मी प्रयत्न केला. गेल्या मंगळवारी गाडी बाहेर काढली, एकटीनेच. गावाबाहेरच्या पहिल्या चौकात नेहमीसारखं विचारलं, "डावीकडून कोणी येतंय का बघा." मग शेजारी पाहिलं. तिथूनच गाडी वळवली. गॅरेजचं दार लावून घेतलं आणि आत बसून ओरडले. तुमच्या इंजिनासारखी. तुम्ही म्हणाला होतात ओरडणं म्हणजे धरून ठेवणं असतं. मला काही धरून ठेवल्यासारखं वाटलं नाही.

इतकी मोठी गाडी आणि एक बाई. बेव्हर्ली म्हणते, मी तुला आधीच सांगितलं होतं.

मार्लिस


सॅमन
२९ ऑक्टोबर २०१८

मार्लिस,

रागावलो नाही. इंजिन ओरडतं तेव्हा त्यालाही काही कळत नसणार. जे काय कळतं ते खाली पोचल्यावर.

विकू नकोस. निदान माझं गणित तपासेपर्यंत थांब.

ड्वेनची यादी माझ्याकडे आहे, खिडकीत लावलीय. गाडी घेतली तेव्हा सगळ्यांची बेरीज १,६४३ होती आणि पाठीवर २,९१० बसतात. म्हणजे १,२६७ पौंड जागा शिल्लक आहे. त्या यादीत एक ओळ वाढव.

ऑर्लिन ब्रेके, वय ७६, कान निकामी, बाकी ठीक: २०८.

पाच जूनला व्हाइटफिशहून आगगाडीने रग्बीला येतो. तुला एकटीला एवढा पल्ला पहिल्या खेपेस मारायला लावणार नाही. शेजारी मी बसेन, नकाशा मांडीवर. स्टिअरिंगला हात लावणार नाही, शपथ. डावीकडून कोणी येतंय का ते बघेन, डोळे अजून शाबूत आहेत. त्यानंतरच्या खेपेला तू एकटी येशील की नाही, ते तुझं तू ठरव.

आणि एक. ड्वेनची ओळ खोडू नकोस. त्याचे १६२ आणि माझे २०८, दोघांना धरूनही गाडीला काही होत नाही. मी तीनदा बेरीज केलीय. म्हणूनच मोठी घ्यायला लावली होती.

ऑर्लिन


रग्बी
५ नोव्हेंबर २०१८

ऑर्लिन,

गेलनच्या जावयाला नाही म्हणून कळवलं. तो म्हणाला, "मावशी, तुम्ही एवढ्या गाडीचं करणार काय?" म्हटलं, दीर आणायचाय स्टेशनवरून.

तुमचं गणित तपासलं. चुकलंय. ड्वेन मला बजावून गेलेत की ब्रेक्यांच्या कुठल्याही पुरुषाने वजन सांगितलं तर पंधरा मिळव. तेव्हा तुमचे २२३ धरलेत. त्यांचे १६२ तसेच ठेवलेत, ते काट्यावरचे आहेत.

सगळे बसतो.

मार्लिस